नकलेतले खरे

'नक्कल' हा शब्द आपल्या भाषेत फारसा मानाचा नाही. शाळेत पोराने शेजाऱ्याच्या पाटीवरून गणित उतरवले तर त्याला छडी बसते. बाजारात दागिना नकली निघाला तर सोनाराची पत जाते. आणि एखाद्याच्या चालण्याबोलण्याची कोणी नक्कल करू लागला की लोक हसतात खरे, पण त्या हसण्यात आदर नसतो. याउलट 'अस्सल' म्हटले की आपली मान आपोआप डोलते. अस्सल तूप, अस्सल पैठणी, अस्सल घराणे! आणि तरीही गंमत अशी की ज्याला आपण परंपरा म्हणून मिरवतो ती सारी नकलेवरच उभी आहे. आईच्या हाताकडे पाहत मुलगी पुरणपोळी लाटायला शिकते, बापाच्या मागे चालत मुलगा तिफण धरतो, गुरूच्या गळ्यातली तान शिष्य आपल्या गळ्यात बसवतो. दिवाळीच्या पहाटे अंगणात जी रांगोळी निघते तिच्यातला एकही ठिपका काढणारीने स्वतः शोधलेला नसतो. तेव्हा नक्कल म्हणजे लबाडी असे सरसकट म्हणता येत नाही. मग नक्कल लबाडी केव्हा होते आणि वारसा केव्हा होते? दिसायला सोपा असा हा प्रश्न मला गेली दोनेक वर्षे सोडायला तयार नाही, आणि तो माझ्या मागे लावून दिला एका जहाजाने.

जहाजाविषयी लिहिणारा मी राहतो जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीला. घनसावंगी तालुक्यातले हे आमचे गाव समुद्रापासून शंभर कोसांहून दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे एक तर आभाळाचे, नाही तर विहिरीचे, आणि नशीब बरे असेल तर जायकवाडीच्या कालव्याचे. वाहन म्हणजे साखर कारखान्याकडे उसाने लादून जाणारे ट्रॅक्टर. भरती-ओहोटी हे शब्द आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. अशा गावात बसून मी जहाजाचा विचार करावा हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. परंतु ज्या जहाजाविषयी मी बोलतो आहे ते मुळात समुद्रावर सापडलेलेच नाही. ते सापडले आमच्याच मुलखात, अजिंठ्याच्या डोंगरात, एका भिंतीवर.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. पाचव्या शतकात आपल्याकडची समुद्रावर जाणारी जहाजे कशी होती हे सांगणारा एकही आराखडा आज शिल्लक नाही, आणि तशा जहाजाचा सांगाडाही हाती नाही. उरली आहेत ती चित्रे. त्यांतले एक अजिंठ्यातले. त्या चित्राच्या आधारे तसे जहाज पुन्हा बांधावे ही कल्पना अर्थतज्ज्ञ व लेखक संजीव सन्याल यांनी मांडली. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात तिहेरी करार झाला, आणि १२ सप्टेंबर २०२३ रोजी गोव्याच्या दिवाडी बेटावर जहाजाचा कणा मांडला गेला. केरळातून आलेल्या कारागिरांनी बाबू शंकरन या मुख्य कारागिराच्या हाताखाली ते उभे केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर नौदलात दाखल झाले. हिंदी महासागर ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या दर्यावर्दीचे, कौंडिण्याचे, नाव त्याला देण्यात आले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

या जहाजाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की ते ठोकलेले नाही, शिवलेले आहे. लाकडाच्या फळ्या एकमेकींना लावायच्या, काठांजवळ भोके पाडायची, आणि काथ्याच्या दोरीने फळीला फळी टाचत जायचे. सांध्यांत नारळाचा तंतू भरायचा आणि वरून राळेचा लेप द्यायचा. खिळ्याने जोडलेले लाकूड ताठ राहते. टाक्यांनी जोडलेले लाकूड लाटेच्या धक्क्याबरोबर किंचित हलते आणि धक्का पचवते. आपल्या गोधडीचे आणि पत्र्याचे जे नाते, तेच काहीसे या दोन प्रकारांचे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी शिवलेली जहाजे पाहिली तेव्हा ती त्याला मुळीच आवडली नव्हती. त्यांतून प्रवास करणे धोक्याचे आहे असे त्याने लिहून ठेवले आहे. पण त्या धोक्याच्या जहाजांतूनच अरबी समुद्रावरचा व्यापार कित्येक शतके चालला, हेही तितकेच खरे.

ही बातमी आमच्या घरात आली आणि पुण्याहून सुटीत आलेल्या माझ्या दहा वर्षांच्या पुतणीने हट्ट धरला की चित्रातले जहाज पाहायचेच. तेव्हा एका पहाटे आम्ही सहा माणसे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन, अजिंठ्याला निघालो. फर्दापूरजवळ गाडी ठेवून पुढे तिथल्या बसने लेण्यांपाशी गेलो. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चपला काढून शिरल्यावर बाहेरचे ऊन डोळ्यांतून उतरायला काही क्षण गेले, आणि मग अंधारातून हळूहळू ते वर आले. उंच डोलकाठ्या, त्यांवर उभी लांबट शिडे, सुकाणूची वल्ही, मागच्या बाजूला ओळीने मांडलेले रांजण. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते जहाज तसे लहानच आहे. माझी पुतणी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "काका, ज्याने हे काढलं त्याने समुद्र पाहिला होता का?"

या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे. चितारी कोठला होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण तिच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो मोठ्यांनीही विचारावा असा आहे. भिंतीवरचे चित्र ही मुळात कोठल्या तरी जहाजाची नक्कल. ते चित्र पाहून बांधलेले जहाज ही त्या नकलेची नक्कल. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला विचारले असते तर त्याने हे प्रकरण एका वाक्यात निकालात काढले असते. सुताराने केलेला पलंग हीच मूळ कल्पनेची नक्कल, आणि चिताऱ्याने काढलेला पलंग तर नकलेची नक्कल. सत्यापासून तो तितका दूर, असे त्याचे म्हणणे. या हिशेबाने पाहिले तर कौंडिण्य हे सत्यापासून आणखी एक पायरी दूर पडते. प्रत्येक नकलेत थोडे सत्य गळत जाते, आणि शेवटी हाती राहतो तो केवळ देखावा.

परंतु प्लेटोच्या या जिन्यात एक पायरी राहून गेली आहे असे मला वाटते. चित्राला तरंगावे लागत नाही. जहाजाला तरंगावे लागते. चिताऱ्याने डोलकाठी हातभर उंच काढली काय किंवा सुकाणू भलतीकडे दाखवले काय, भिंत बुडत नाही. पण तेच मोजमाप लाकडात उतरवू गेले की समुद्र हिशेब मागतो. म्हणून तर या जहाजाच्या आकाराची प्रतिकृती मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासून पाहावी लागली, आणि लाकडी डोलकाठी वाऱ्याचा जोर सोसेल की नाही हे नौदलाला पारखून घ्यावे लागले. चित्रातून निघालेली नक्कल पाण्यात उतरताच पुन्हा सत्याच्या ताब्यात जाते. वारासुद्धा तोच. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येकडून वारे वाहतात आणि शिडाच्या जहाजाला पश्चिमेकडे नेतात. डिसेंबरच्या अखेरीला निघालेले कौंडिण्य त्याच वाऱ्यावर गेले, ज्या वाऱ्याची वाट दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाखव्यांनीही पाहिली असेल. तो वारा कोणी तयार केलेला नव्हता. जी नक्कल खऱ्या परीक्षेला बसते ती नक्कल असूनही खरी असू शकते. आणि जी परीक्षेला बसायचे टाळते ती अस्सल म्हणवणारी वस्तूही खोटी ठरू शकते.

अजिंठ्याच्या चित्रांचीच एक कहाणी या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १८१९ साली ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या प्रती काढल्या, आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील आपले विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा आरंभले आणि १८८५ पर्यंत चालवले. त्या वर्षी लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या एका आगीत त्याही प्रतींपैकी बऱ्याच नष्ट झाल्या. जे वाचले ते १८९६-९७ मध्ये ग्रंथरूपाने छापले गेले. मधल्या काळात भिंतीवरचा गिलावा पापुद्र्यापापुद्र्याने पडतच होता. परिणाम असा झाला की आज भिंतीवर न उरलेल्या काही भागांची साक्ष फक्त त्या नकलाच देऊ शकतात. दोनदा जळूनही जी माणसे पुन्हा नक्कल करायला बसली, त्यांना नकलाकार म्हणून हिणवणे मला तरी जमणार नाही.

आता तत्त्वज्ञांच्या आवडत्या कोड्याकडे वळू. अथेन्सच्या लोकांनी थिसियस या वीराचे जहाज जपून ठेवले होते असे प्लुटार्क सांगतो. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, असे करता करता मूळची एकही फळी उरली नाही. मग ते थिसियसचेच जहाज म्हणायचे की दुसरे? पुढे सतराव्या शतकात हॉब्जने या कोड्याला आणखी एक पीळ घातला. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून पुन्हा जोडल्या, तर दोहोंपैकी खरे जहाज कोणते? आपल्याकडे हाच विचार मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात आला आहे. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, की आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. आणि शेवटी 'रथ' हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, एवढेच हाती राहिले.

ही कोडी सोडवताना सारेजण फळ्यांविषयी आणि आकाराविषयी भांडतात. कोणी म्हणतो, द्रव्य तेच हवे. कोणी म्हणतो, रूप तेच हवे. कौंडिण्याजवळ यांतले काहीच नाही. त्याची एकही फळी जुनी नाही, आणि त्याचे रूप एका चित्रावरून अनुमानाने काढलेले. तरीही त्यात काही जुने आहे की नाही? आहे, आणि ते चित्रात दिसत नाही. चिताऱ्याने जहाज बाहेरून रंगवले. आतली दोरी कोणत्या भोकातून कशी ओवायची, किती ताणायची, कोठे थांबवून गाठ मारायची, हे त्या भिंतीवर लिहिलेले नाही. ते आले केरळच्या कारागिरांच्या हातांतून. बापाच्या शेजारी बसून मुलाने, त्याच्या शेजारी बसून त्याच्या मुलाने, असे ते शिकत आले. ज्या काळात पोलादी जहाजे समुद्र भरून टाकत होती त्या काळात या किनाऱ्यावर कोणी तरी लहानशी होडी काथ्याने शिवीत बसले होते. त्याला माहीत नव्हते की आपण एखादा वारसा सांभाळतो आहोत. त्याला संध्याकाळची चूल पेटवायची होती. या नव्या जहाजातली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे त्याची गाठ आहे.

इथवर विचार आल्यावर मात्र मनाला थोडी बोच लागते. आपण जेव्हा 'आमचे पूर्वज समुद्र ओलांडून गेले' असे अभिमानाने म्हणतो, तेव्हा या 'आमच्या'त कोण कोण येतात? आमचा मराठवाडाही या अभिमानाचा वाटेकरी आहे. गोदाकाठचे पैठण आणि तेर ही गावे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या वृत्तांतात नावानिशी आली आहेत. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई असे तो सांगतो. सातवाहनांच्या नाण्यांवर जहाजे आहेत. म्हणजे कोरड्या मुलखातल्या आमच्या आजोबा-पणजोबांनीही समुद्राकडे माल धाडला, हे खरे. पण राजांची नावे नाण्यांवर उरली, गावांची नावे वृत्तांतात उरली, आणि जहाज शिवणाऱ्याचे नाव कोठेही उरले नाही. अजिंठ्यातले ते चित्र ज्या पूर्णाच्या कथेतले समजले जाते तो पूर्णही शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. धनाढ्य व्यापाऱ्याला दासीपासून झालेला तो मुलगा. कथेत पुढे तो भिक्षू होतो, आणि चंदनाच्या शोधात गेलेला त्याचा भाऊ समुद्रात वादळात सापडतो तेव्हा पूर्णाचे स्मरण केल्यावरच त्याचे जहाज वाचते. आपल्या मुलखातले ते प्रसिद्ध जहाज एका दासीपुत्राच्या गोष्टीतले असावे, यात मला मोठा अर्थ दिसतो.

हा सगळा विचार कदाचित अजिंठ्याच्या डोंगरातच राहिला असता; पण त्याच सुमारास आमच्या घरातही एक जहाज बुडायच्या बेतात होते. आमचे घर माळवदाचे. सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा अंथरलेल्या, आणि त्यांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात अशा घरात माठातल्यासारखे गार वाटते. पण माळवद म्हणजे सततची सेवा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते, आणि ऐन पावसात मध्यरात्री कोठे गळू लागले की कोणी तरी वर जाऊन माती चोपावी लागते. गेल्या पावसाळ्यात मागच्या दोन खणांची तुळई वाकली आणि निर्णय टाळता येईना.

पुण्याहून भाऊ आला. त्याचे मत ठाम होते की घर जसेच्या तसे पुन्हा उभे करायचे. पैसे मी देतो, पण आजोबांच्या घरावर स्लॅब पडता कामा नये. बोलताना त्याचा गळा भरून आला, आणि त्याचे ते बोलणे वरवरचे नव्हते हे मला ठाऊक आहे. माझी पत्नी इतका वेळ भाकरी थापत ऐकत होती. ती परातीवरून नजर न उचलता म्हणाली, "भाऊजी, घर जपा म्हणता ते बरोबरच आहे. पण दर वर्षी मृगाच्या आधी मातीच्या पाट्या वर कोण चढवतं, ते एकदा आत्याबाईंना विचारा. चाळीस वर्षं त्यांनी चढवल्या, पंचवीस वर्षं मी. तुम्हाला घर आठवतं, मला पाट्या आठवतात."

त्यावर कोणी काही बोलले नाही. माझ्या दृष्टीने मात्र नकलेच्या प्रश्नाला त्या वाक्याने नवीच बाजू फुटली. जुन्याची प्रतिकृती करताना आपण त्यातले काय काय परत आणतो? कौंडिण्यावर जाणारे खलाशी प्रशिक्षित होते आणि स्वेच्छेने गेले होते. जुन्या जहाजांवर पाणी उपसणारे सगळेच तसे असतील असे नाही. जुन्या जहाजाचे टाके परत आणणे हा वारसा आहे. जुन्या जहाजावरच्या माणसाची लाचारी परत आणणे हा वारसा नव्हे. जे हौसेने पाहायला येतात त्यांच्यासाठी भूतकाळ सुंदर असतो, आणि जे तो रोज खांद्यावर वाहतात त्यांच्यासाठी जड असतो. त्या ओझ्याचा हिशेब न करता जपलेला वारसा म्हणजे एकाच्या भावनेसाठी दुसऱ्याने केलेली वेठ होय.

शेजारच्या गावचे एक वृद्ध मिस्त्री माळवदाचे काम जाणतात असे कळले म्हणून त्यांना बोलावले. त्यांनी खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, हा खांब माझ्या आज्यानं तासलेला. त्याला याचे पैसे नाही मिळाले. सुगीला धान्य मिळायचं, ते बी खळ्यावर जाऊन उभं राहावं लागायचं." ते हे रागाने बोलले नाहीत, लाकडाची जात सांगावी तसे सांगितले. त्यांचा नातू वाळूजला कारखान्यात कामाला आहे आणि त्याला हे काम येत नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेली माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, "लाकूड काय, मिळंल. हात कुठून आणणार?"

तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षे ज्या कोड्याशी झटापट केली त्याचे उत्तर आईने इतक्या सहज दिले, की तिला ते कोडे सांगायचेच राहून गेले.

नक्कल कशी करावी याचा एक मोठा धडा आमच्याच गोदाकाठाने घालून दिला आहे. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मधली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात राहिली, आणि उतरवता उतरवता पाठ बिघडत गेले. पैठणला एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथ स्वतः मोठे कवी होते. त्यांना आपल्या ओव्या मध्ये घालण्याचा मोह पडू शकला असता. त्यांनी तो आवरला, आणि इतरांनाही तसे न करण्याविषयी बजावले. त्याच वेळी, हाती आलेली प्रत जुनी आहे एवढ्याच कारणावरून तिच्यातल्या चुकाही त्यांनी पवित्र मानल्या नाहीत. नकलकाराच्या अंगी या दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. आपले घुसडू नये, आणि मध्ये शिरलेला मळ पुसायला भिऊ नये. यांतली एक सुटली तर नक्कल लबाडी होते, दुसरी सुटली तर गुलामी.

आमच्या घराचे पुढे असे झाले. मागचे खण पाडून तिथे स्लॅब घातला आणि आईसाठी आतल्या आत न्हाणीघर व संडास बांधला. पुढच्या ढाळजेचे दोन खण मात्र माळवदाचेच ठेवायचे ठरले. मिस्त्रींना आणि त्यांच्या हाताखालच्या दोन पोरांना रोजच्या रोज रोख मजुरी द्यायची, आणि काम लवकर आटपण्याची घाई करायची नाही, कारण पोरांना शिकवत शिकवत काम करायचे ही मिस्त्रींना आमचीच अट होती. भावाने पैसे तर दिलेच, शिवाय दर वर्षी मे महिन्यात येऊन माती चढवायचे कबूल केले. पहिल्या वर्षी तो आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पाठ इतकी धरली की त्याला घराविषयी हळवे बोलायलाही सवड झाली नाही. तरी चढवायच्या तेवढ्या पाट्या त्याने चढवल्या. आता त्याचे त्या घरावरचे प्रेम मला पूर्वीपेक्षा अधिक खरे वाटते, आणि बहुधा माझ्या पत्नीलाही वाटत असावे. कारण त्या दिवशी तिने त्याच्यासाठी मुद्दाम धपाटे केले होते.

हे घर आजोबांचेच आहे का? निम्मे लाकूड नवे, मागची बाजू सिमेंटची, न्हाणीघर तर आजोबांच्या स्वप्नातही नव्हते. शिकलेल्या त्या दोन पोरांना पुढे असे काम कितपत मिळेल याचीही शाश्वती देता येत नाही. एक तर आताच ट्रॅक्टरवर जातो. पण त्या दोघांना माळवद घालता येते, हे आता पुसले जाणार नाही. घर पडेल, जहाज कुजेल. काथ्याचे टाके तर वरचेवर बदलावेच लागतात. ज्याला ते पुन्हा घालता येतात असा माणूस मागे उरला, तर गेलेली वस्तू गेली असे म्हणण्याची घाई करू नये. आणि तो माणूसच उरला नाही, तर काचेच्या पेटीत जपून ठेवलेली अस्सल वस्तूसुद्धा एक प्रकारे गेलेलीच असते.

म्हणून पूर्वजांच्या थोरवीविषयी बोलताना एक साधी कसोटी लावून पाहावी असे मला वाटते. जे त्यांनी केले त्यातले काही आपल्याला, निदान आपल्यापैकी कोणाला तरी, आज हातांनी करता येते का? आणि ज्याला येते त्याला आपण काय देतो? त्याच्या घामाचा मोबदला, पंक्तीत जागा आणि त्याच्या नावाचा उच्चार, एवढे दिले असेल तर अभिमान जरूर बाळगावा. नसेल, तर तो अभिमान उसनवारीचा आहे आणि त्याची फेड अजून व्हायची आहे. कौंडिण्याच्या बातम्यांत बाबू शंकरन हे नाव छापले गेले. अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज ज्याने खरोखर बांधले होते त्याच्या वाट्याला हे आले नव्हते. दीड हजार वर्षांत एवढी तरी दुरुस्ती आपण त्या जुन्या प्रतीत केली, याचे मला समाधान वाटते.

मिलिंद राजाला नागसेनाने आणखी एक दृष्टान्त दिला आहे, आणि तो या दिवसांना शोभण्यासारखा आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरी जी ज्योत असते तीच शेवटच्या प्रहरी असते काय? तीच म्हणता येत नाही, कारण तेल आणि वात क्षणोक्षणी जळत गेलेली असते. आणि वेगळी म्हणावी तर रात्रभर उजेड तिच्याच आधाराने राहिलेला असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातली लेक एका पणतीवर दुसरी पणती लावते, दुसरीवर तिसरी, आणि बघता बघता सारे अंगण उजळते. त्यांतली अस्सल ज्योत कोणती आणि नक्कल कोणती, हे कोणी विचारत नाही. आपण पाहतो ते एवढेच की वाऱ्याच्या बाजूला तिने दुसरा हात आडवा धरला आहे की नाही.